नावानं सापडतं, गावानं सापडत नाही

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आज ज्याच्याकडे विकण्यासारखं काही आहे, त्याची वेबसाइट झाली आहे किंवा व्हायची आहे. एनए (बिगरशेती) प्लॉट, शेतघरं, लग्नाचे हॉल, रोपवाटिका, निर्यातीची भेंडी. यातली कितीतरी पानं गूगलवर सापडत नाहीत, आणि का सापडत नाहीत यावर दोन मतं ऐकू येतात. एक मत मुरबाडच्या मामांचं. कल्याणहून माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या पुढे त्यांचं शेतघर आहे. दुसरं त्यांच्या भाचीचं. ती आसनगावात राहते आणि अशी पानं करण्याचं, बिघडली तर दुरुस्त करण्याचं काम करते. दोघांचं बोलणं इथे मांडतो आहे. मला स्वतःला काही म्हणायचं आहे तिथे मधे बोललो आहे.

मामा : वेबसाइट करून घेतली, पैसे मोजले, फोटो टाकले. आता 'माळशेज शेतघर' टाकलं की आम्हाला सोडून सगळे येतात. ज्यांनी इथलं वैशाखरे गाव डोळ्यांनी बघितलं नसेल अशा बुकिंगवाल्या कंपन्या वर येतात. हा पैशाचा खेळ आहे बाय, दुसरं काही नाही.

भाची : मामा, तुमच्या शेतघराचं नाव टाकलं तर पान येतं का?

मामा : तेही येत नाही.

भाची : मग पैशाची गोष्ट अजून सुरूच झाली नाही. नावानं सापडतं आणि गावानं सापडत नाही, तर ती स्पर्धेची अडचण. नावानंही सापडत नाही, म्हणजे पान गूगलच्या दप्तरात चढलेलंच नाही. दोन्हींवर इलाज वेगळे आहेत. आधी शोधाच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट' लिहा, पुढे अपूर्णविराम द्या आणि जागा न सोडता आपला पत्ता टाका. काहीच आलं नाही तर संशयाला जागा आहे. पक्कं उत्तर मात्र गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये मिळतं. ते फुकट आहे, आणि साइट आपली आहे एवढं तिथे सिद्ध करावं लागतं.

मामा : पान तर उघडतंय. पत्ता टाकला की माझ्या फोनवर लगेच येतं. मग चढलेलं नाही म्हणजे काय?

भाची : तुम्ही गेल्या साली बांधालगतची जमीन घेतली. दुय्यम निबंधकाकडे दस्त झाला, त्याच दिवशी सातबाऱ्यावर नाव लागलं का?

मामा : छे. तलाठ्यानं फेरफार धरला, नोटिसा काढल्या, मंडल अधिकाऱ्यानं मंजूर केला, मग लागलं.

भाची : पान उघडतं म्हणजे दस्त झाला. गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, येऊन वाचून जातो आणि नंतर ठरवतो की नोंद घ्यायची का. ती घेतली म्हणजे फेरफार मंजूर. कुणी काही शोधलं की नोंद झालेल्या पानांतूनच निवड होते. तुमचा फेरफार कुठे अडकला ते बघू.

हा फरक कळायच्या आत लोक जाहिरातींवर पैसे घालतात, याचं मला फार वाईट वाटतं. गूगलवरची जाहिरात विकत घेतल्यानं खालच्या बिनपैशाच्या निकालांत जागा मिळत नाही, हे गूगल उघड सांगतं. फोनवर कुणी 'पहिल्या पानाची गॅरंटी' देतो, त्याच्याबद्दलही गूगलचाच इशारा आहे : पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही. तरी हे फोन येतात आणि दर महिन्याला पैसे जातात.

सर्च कन्सोलमध्ये मामांच्या पानाचा पत्ता टाकल्यावर उत्तर एका ओळीत आलं. पान 'नोइंडेक्स' खुणेमुळे वगळलं आहे.

भाची : साइट वर्डप्रेसवर आहे. सेटिंगमध्ये 'रीडिंग' म्हणून भाग असतो. तिथे एक टिक आहे, सर्च इंजिनांनी या साइटची नोंद घेऊ नये अशी विनंती करणारी. काम अर्धवट असताना ती लावून ठेवतात, म्हणजे कच्चं पान लोकांपुढे जात नाही. साइट पूर्ण झाली, पैसे मिळाले, आणि टिक तशीच राहिली.

मामा : एवढ्याशा टिकेपायी दोन पावसाळे गेले?

भाची : गेले. ज्यांची पानं सापडत नाहीत त्यांच्याकडे मी हेच पहिलं बघते. दुसरी एक फाइल असते, रोबॉट्स डॉट टीएक्सटी. कुठे यावं आणि कुठे येऊ नये हे बॉटांना त्यात लिहून ठेवायचं, ही पद्धत मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवली. २०२२ मध्ये तिचं रीतसर मानक झालं. वर्डप्रेसची ही टिकसुद्धा २०१९ पर्यंत त्या फाइलवरच चालायची, नंतर ती पानावरची नोइंडेक्स खूण झाली. काही जण खबरदारी म्हणून दोन्ही लावतात, आणि तिथे घोटाळा होतो. फाइलमध्ये बॉटला मनाई केली की तो पानावर येत नाही. येत नाही म्हणजे पानावरची खूण वाचत नाही. मग दुसऱ्या कुणाच्या दुव्यावरून त्या पानाचा पत्ता त्याला कळला, तर नुसता पत्ता निकालात दिसतो आणि खाली वर्णन काहीच नसतं. लपवायचं ते अर्धवट दिसतं आणि दाखवायचं ते दिसत नाही.

मामा : टिक काढ. झालं ना मग?

भाची : टिक काढली. पण मामा, नोंद झाली तरी तुमच्या पानावर वाचण्यासारखं काय आहे ते बघा.

तिनं पान उघडून दाखवलं. वर डोंगराचा फोटो, खाली शेतघराचं पत्रक. पत्रकावर दर, जेवणाचा तपशील, फोन नंबर, कल्याणहून येण्याचा रस्ता, सगळं होतं. पण ते सगळं एकच चित्र होतं. फाइलचं नावही व्हॉट्सअ‍ॅपनं दिलेलं, तारीख आणि चार आकडे. पानावर अक्षरांत लिहिलेला मजकूर काढला तर 'स्वागत आहे' आणि 'संपर्क' एवढेच शब्द हाती आले.

मामा : छापखान्यातून इतकं सुंदर करून घेतलं होतं.

भाची : पाहुण्याला सुंदरच वाटेल. पण महत्त्वाचा मजकूर चित्रात ठेवू नका, असं गूगलच्या मार्गदर्शनातच आहे. फोनवर वाचणाऱ्यालाही ते बोटांनी मोठं करून वाचावं लागतं, आणि ज्याला दिसत नाही त्याच्या वाचून दाखवणाऱ्या अ‍ॅपला त्यातलं काही कळत नाही. फोन नंबरवर बोट ठेवून फोनही लागत नाही.

मामा : पण तुझ्या त्या शहापूरच्या रोपवाटिकेच्या पानावर मराठी मजकूर होता की. तेही सापडत नव्हतं म्हणालीस.

भाची : तिथे मजकूर जुन्या फॉण्टमधला होता, युनिकोडच्या आधीच्या काळातला. डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत साठवलेली अक्षरं भलतीच असतात. ओळखायची सोपी युक्ती आहे. पानावरचं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवा. मराठीच उमटलं तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा काला उमटला तर गूगललाही तोच काला वाचायला मिळतो. डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर तसाच चढवला की हे होतं.

ही शेवटची तपासणी मी आमच्या भागातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला, शाळेला आणि सहकारी संस्थेला सुचवेन. जुन्या फॉण्टांत अडकलेलं मराठी फार आहे, आणि ते हरवलंय हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण डोळ्यांना ते दिसत राहतं.

भाची : खर्डीच्या एका हॉलवाल्यांचं आणखी निराळं होतं. साइटवर हल्ले होतात म्हणून कुणीतरी सुरक्षेचं प्लगइन टाकून भारताबाहेरून येणारे सगळे बंद केले. हॉल खर्डीचा, गिऱ्हाईक कसारा ते कल्याणचं, परदेशाचं काय काम, हा त्यांचा विचार. पण गूगलचा बॉट मुख्यतः अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो. त्यांच्या फोनवर साइट छान उघडायची, गूगलला मात्र दर वेळी नकार मिळायचा. असा बिघाड घरात बसून कळत नाही. कन्सोलमध्ये 'लाइव्ह' तपासणी आहे, ती चालवली की बॉटला नेमकं काय दिसतं ते समोर येतं.

मामा : म्हणजे तुझं म्हणणं, सगळा यंत्राचा दोष. टिक, चित्र, फॉण्ट, प्लगइन. ते काढलं की मी वर.

भाची : असं मी म्हटलं नाही. हे काढल्यावर तुम्ही यादीत येता. वर यायचं ते त्याच्या पुढे.

मामा : तेच मी पहिल्यापासून सांगतोय. पुढे पैसेवालेच बसलेत.

इथे दोघांचं खरं भांडण सुरू झालं, आणि विषय निघाला प्लॉटांचा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. शहापूरकडच्या जमिनींच्या जाहिराती त्याच्या किती आधीपासून चालू आहेत, हे रस्त्याकडेच्या बोर्डांवरून कुणालाही दिसेल. भाचीकडे अशाच एका प्लॉटवाल्याचं काम आलं होतं. त्यानं गावागणिक पान केलं होतं : वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, किन्हवली, डोळखांब, आणि मुरबाडकडे सरळगाव, धसई, म्हसा. प्रत्येक पानावर मजकूर तोच, गावाचं नाव तेवढं बदललेलं. सर्च कन्सोल बहुतेक पानांपुढे एकच शेरा देत होतं : वाचलं, सध्या नोंद नाही.

मामा : त्यात काय वाईट? म्हशाच्या जत्रेत घोंगडीवाला चार ठिकाणी पालं मांडतो. गिऱ्हाईक जिथून येईल तिथे उभं राहायचं.

भाची : चारही पालांत घोंगड्या तरी असतात. इथे नऊ पानं, आणि आत गेलं की सगळीकडून एकाच फॉर्मवर नाव-नंबर भरा. गूगलच्या नियमांत याला स्पॅम म्हणतात. अशा पानांसाठी त्यांनी २०१५ मध्ये वेगळी कडक व्यवस्था आणली, आणि मार्च २०२४ मध्ये ढिगानं मजकूर पाडण्याविरुद्धही नियम केला, मग तो माणसानं पाडलेला असो की एआयनं. त्या प्लॉटवाल्याला वाटत होतं की बॉट नीट येत नाही. बॉट येत होता, वाचत होता आणि ठेवून घेत नव्हता. तिथे मी कुठलीच सेटिंग बदलून उपयोग नव्हता.

मामा : आणि ठेवून घ्यायचं की नाही हे ठरवणारा तो कोण? आमच्या गावाचं नाव, आमची जमीन.

या बाबतीत मी भाचीच्या बाजूनं आहे, आणि तिच्याहूनही जास्त ठाम आहे. किन्हवलीतला प्लॉट घ्यायला निघालेल्या माणसाला काय जाणून घ्यायचं असतं? जमीन एनए झाली आहे का. झाली नसेल, तर महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. ती आदिवासींची आहे का, कारण असेल तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम ३६ अ आड येतं आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीच्या नावे व्यवहार होत नाही. सातबाऱ्यावर वनाचा शेरा आहे का. महारेराचा नोंदणी क्रमांक काय. नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत तो क्रमांक आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही देणं बंधनकारक आहे. आणि पाणी. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, तानसा तर १८९२ पासून. त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. 'धरणाच्या कुशीत' असं लिहिणाऱ्या पानावर मे महिन्यात विहिरीला पाणी किती राहतं हे मी तरी वाचलेलं नाही. ही माहिती लिहिली असती तर नऊ गावांची नऊ पानं आपोआप वेगळी झाली असती, कारण नऊ गावांची जमीन आणि पाणी वेगळं आहे. त्या पानांना नोंद नाकारली गेली, ते गिऱ्हाइकाच्या हिताचंच झालं.

मामांना हे पटलं, पण अर्धंच.

मामा : प्लॉटवाल्याचं सोड. मी खोटं काही लिहीत नाही. माझ्याकडे खरं शेत आहे, खरी चूल आहे. तरी मी खालीच. आणि खरं सांगू, गिऱ्हाईक पानानं येतच नाही. धसईचं आठव. १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर केलं, दुकानादुकानांत यंत्रं आली. यंत्र ठेवलं म्हणून धंदा वाढतो असं असतं तर धसईत आज काय थाट असता! गिऱ्हाईक ओळखीनं येतं, जेवणाच्या चवीनं येतं.

भाची : आणि शहापूरची गुळवेल? कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून गुळवेल गोळा करून, सुकवून विकली. २०२१ मध्ये ट्रायफेड या सरकारी संस्थेनं सांगितलं की त्यांना १ कोटी ५७ लाखांच्या ऑर्डरी मिळाल्या, मोठ्या औषध कंपन्यांकडून. त्यांनी वेबसाइटही केली होती.

मामा : त्या ऑर्डरी वेबसाइटनं आणल्या नाहीत. मालानं आणल्या, आणि पाठीशी सरकारी संस्था होती म्हणून आल्या.

भाची : मान्य. पण ज्यानं त्यांचं नाव ऐकलं, तो शोधायला गेल्यावर काहीतरी सापडलं पाहिजे ना? तुमच्याकडे जेवून गेलेला माणूस डोंबिवलीत मित्राला तुमचं नाव सांगतो. मित्र फोन काढून शोधतो, आणि येते दुसऱ्याच रिसॉर्टची जाहिरात. तुमच्या ओळखीनं आलेलं गिऱ्हाईक तिथे जातं.

मामा यावर काही बोलले नाहीत. मला वाटतं संपूर्ण चर्चेत हा मुद्दा सर्वांत वजनदार होता.

पुढचा बराच वेळ नकाशात गेला. भाचीचं म्हणणं, शेतघरासारख्या धंद्याला वेबपानाइतकीच गूगल मॅपवरची नोंद लागते. तिथे तीन गोष्टी बघितल्या जातात : शोधणाऱ्याला हवं ते आणि आपलं काम किती जुळतं, अंतर किती, आणि जागा किती परिचित आहे. मामांची खूण मॅपवर भलत्याच पाड्यावर पडली होती. पाहुणे तिकडून फोन करत आणि मामा मोटरसायकलवरून त्यांना आणायला जात. नावाचाही गोंधळ असतो. शहापूर बेळगावात आहे, कर्नाटकात यादगीर जिल्ह्यात तालुक्याचं गाव आहे, आणि इंग्रजीत एक अक्षर गाळलं की मध्य प्रदेशातली शाहपूरं येतात. म्हणून पानावर नुसतं 'शहापूर' लिहून भागत नाही. ठाणे जिल्हा, आसनगाव स्टेशन, मुंबई-नाशिक महामार्ग हे सोबत लागतं. मुरबाडचं म्हणाल तर रेल्वे तिथे अजून पोचलेली नाही, तेव्हा कल्याण स्टेशनवरून एसटी कशी मिळते हे लिहिणं भाग आहे. शोधणारे कितीतरी जण इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, म्हणून भाचीला दोन्ही भाषांत पानं हवी होती. मामांना इंग्रजी नको होतं. तो वाद मिटला नाही.

मामा : समज हे सगळं केलं. चित्र काढलं, अक्षरं घातली, खूण जागेवर आणली. तरी 'माळशेज रिसॉर्ट' म्हटलं की त्या कंपन्याच वर राहणार ना?

भाची : बहुतेक राहतील. त्या शब्दांवर मी तुम्हाला काही कबूल करत नाही. त्यांची हजारो पानं आहेत, हजारो लोक त्यांचा दुवा देतात.

मामा : मग मी म्हणत होतो तेच.

या ठिकाणी मामा बरोबर आहेत. परिचय मोजणारी कोणतीही व्यवस्था आधीच परिचित असलेल्याला पुढे नेते, आणि भाचीच्या धंद्यातली माणसं हे पुरेसं मोकळेपणानं सांगत नाहीत. लहान माणसाला तिथे समान जागा नाही. पण म्हणून सगळंच सोडून द्यायचं कारण नाही, आणि भाचीनं पुढे जे सांगितलं त्यात मला खरा मार्ग दिसला.

भाची : त्या कंपनीला काय माहीत नाही ते सांगा. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढायला लहान मुलं बरोबर असली तर किती वेळ लागतो?

मामा : पाऊस आहे की नाही त्यावर. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत निघायचं, नंतर कातळ तापतो. पावसात पायऱ्या निसरड्या, खाली उतरताना जास्त जपायचं. पाणी खालूनच भरून घ्यायचं.

भाची : सिद्धगडाला २ जानेवारीला येणाऱ्यांना काय सांगता?

मामा : हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटलांच्या स्मारकाला येतात ती माणसं. १९४३ ला त्या दिवशी पहाटे गोळीबार झाला. गर्दी असते, गाडी लांब लावून चालावं लागतं. जेवण आदल्या दिवशी सांगितलं तरच मिळेल.

भाची : आणि तहसीलदार धबधब्यांवर मनाई लावतात तेव्हा?

मामा : तेव्हा शनिवारी पहाटे चाळीस फोन येतात, उघडं आहे का म्हणून.

भाची : ते चाळीस जण त्याआधी गूगलवर शोधून थकलेले असतात, मामा. त्या कंपनीच्या पानावर त्याचं उत्तर नाही. तुमच्या पानावर असलं तर ते पान कुणाला तरी लागेल. आज नोंदीची विनंती टाकली आहे. दोन दिवसांत होईल की दोन आठवड्यांत हे माझ्या हातात नाही, होईलच असंही नाही. साइटमॅप, म्हणजे आपल्या पानांची यादी, दिला म्हणून नोंद झालीच पाहिजे असा नियम नाही. पण आता अडवणारं आपल्या बाजूनं काही उरलेलं नाही. तुम्ही मजकूर सांगा, मी टाइप करते.

मामा : मी वहीत लिहून देतो. पण पहिलं वाक्य रस्त्याचं घाल. घाटात दरड आली आणि रस्ता बंद झाला, तर आगाऊ घेतलेले पैसे परत. आणि ते चित्रात नको, अक्षरांत लिही.